जेवायचा हात

बाई, परवा माझी नात मैत्रिणींबरोबर डोईफोडियाच्या पुढच्या जंगलात फिरायला जायचं ठरवत होती. सकाळी निघायचं, दुपारी घरी. एवढंसं फिरणं, पण फोनवर चर्चा अशी की जणू लग्नाच्या याद्या चालल्यात. खायला काय, कपडे कुठले, फोटो कोण काढणार. मी मध्येच विचारलं, "परत कधी येणार, हे कुणाला सांगून जाताय?" ती म्हणाली, "आजी, लोकेशन शेअर करेंगे ना, टेन्शन कशाला घेते तू?" आणि मला तुमचा आवाज ऐकू आला. जायचं नंतर ठरवा मुलींनो, आधी यायचं ठरवा. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमच्या घराच्या जागी उभी राहिलेली इमारतसुद्धा आता जुनी दिसते. तरी आज तुम्हाला लिहायला बसले आहे.

ते वर्ष तुम्हाला आठवत असेल. नवं राज्य झालं, नागपूर तिकडं गेलं, आपण इकडं हिंदीच्या राज्यात राहिलो आणि राजधानी भोपाळ झाली. घरोघरी मोठी माणसं त्यावर तावातावानं बोलायची. आम्हाला एवढंच कळलं की शाळेत हिंदीची तुकडी वाढली आणि आपल्या मराठीच्या तुकडीत बाकं रिकामी पडू लागली. मधल्या सुट्टीत बदलून आलेल्या साहेबलोकांच्या मुली आमची ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी बघून नाक मुरडायच्या, आणि आम्ही त्यांच्या बोलण्याची नक्कल करायचो. तुम्ही हे पाहत होतात. एक दिवस तुम्ही जाहीर केलंत की दिवाळीनंतर दोन्ही तुकड्या मिळून जंगलात जातील, एक मराठी, एक हिंदी अशी जोडी, हातात हात. मोठ्या बाई तुम्हाला म्हणाल्या, "काही कमीजास्त झालं तर लोक म्हणतील, मराठी बाईनं हिंदी मुलगी हरवली. मग तुमची तुकडीही जाईल आणि तुम्हीही." आम्ही दाराबाहेरच होतो, त्यामुळे काय पणाला लागलंय ते आम्हालाही ठाऊक होतं.

खरं सांगू का, तेव्हा तुम्ही मला आवडत नव्हतात. मी डावरी. माझ्या डाव्या हातात पेन्सिल दिसली की तुमची पट्टी बोटांवर यायची. "हात बदल." लागायचं नाही फारसं, पण अख्खा वर्ग वळून बघायचा. घरी आई समोर बसून उजव्या हातानंच जेवायला लावायची. उरला शाळेचा डबा. तो मी भिंतीकडे तोंड करून डाव्या हातानं खायची, आणि मला वाटायचं की जगात हे कुणालाच माहीत नाही.

तुमची तयारी मात्र मी तोंडात बोट घालून बघत होते. आधीच्या रविवारी तुम्ही भावाला घेऊन ती वाट स्वतः चालून आलात. नाक्यावरच्या जंगल खात्याच्या माणसाला विचारून आलात की अस्वल कुठं दिसलंय का, आणि ओढ्याला पाणी किती आहे. कुणी तेल-अत्तर लावून यायचं नाही, गजरा माळायचा नाही, झाडांवर आग्या मोहोळं आहेत. पाणी कापडी छागलीत भरून प्रत्येकीच्या खांद्याला. नाक्यावर सांगून आत जायचं आणि बाहेर आलो तेही सांगायचं. आणि हरवलं तर? त्याचं उत्तर तुम्ही नऊवारी आवरून वर्गातल्या फरशीवर बसून दाखवलंत. "हरवलेलीनं बसायचं, शोधणारीनं चालायचं. दोघी चालल्या तर भेट होत नाही." दोन्ही तुकड्या हसून लोळल्या, पण समजलं सगळ्यांना.

माझी जोडी जमली ती जबलपूरकडून आलेल्या साहेबांच्या मुलीशी. सर्वांत पुढं आमची आयाबाई, सर्वांत मागं तुम्ही, म्हणजे मागं कुणी राहू नये. सागाची पानं सुपाएवढी, गवत आमच्या डोक्याच्या वर. माझ्या पायात काटा गेला म्हणून मी खाली बसते, आणि माझी जोडीदारीण हात सोडून तुरुतुरु आयाबाईच्याही पुढं जाते. पुढं वाट फुटते. मागून तुम्ही ओरडता, "डावीकडे, डावीकडे!" मी काटा काढून बाकीच्यांबरोबर डावीकडे वळते. ओढ्यावर जोड्या मोजायला उभ्या राहतो तेव्हा माझ्या शेजारची जागा रिकामी.

आयाबाई कपाळाला हात लावते. "पोरगी कुठं गई, बाई? आत्ता तर सामने होती." तुमचा चेहरा मला अजून दिसतो. तुम्ही सगळ्यांना ओढ्याकाठी आयाबाईपाशी बसवलंत, कुणी हलायचं नाही असं बजावलंत आणि माझा हात धरलात. "तुझी जोडी आहे ना? चल." तुमच्या हाताला घाम सुटला होता. तुम्हीही घाबरता, हे मला त्या दिवशी कळलं. फाट्यावर येऊन तुम्ही शिट्टी फुंकलीत आणि दुसऱ्या वाटेनं निघालात. थोडं गेलो तर ती एका दगडावर छागल मांडीवर घेऊन बसलेली. रडत नव्हती. तुम्हाला बघून मात्र तिला रडू फुटलं. "आपने ही तो कहा था, दायें!"

तुम्ही दोन्ही शब्द पुटपुटलात. डावी. दायें. तिच्या हिंदीत दायें म्हणजे उजवीकडे. मग तिच्या शेजारी दगडावर बसलात आणि पदरानं तिचं तोंड पुसत म्हणालात, "तुझ्या भाषेत तू बरोबरच वळलीस, बाळा. चुकले मी."

त्याच संध्याकाळी तुम्ही आपण होऊन तिच्या घरी गेलात. तिचे वडील म्हणाले, "बच्ची जंगल में छूट गई और आप मुझे शब्द समझा रही हैं?" फिरणं बंद झालं. मोठ्या बाई म्हणाल्या होत्या तेच गावात बोललं गेलं, वर तिखटमीठ लावून. तुम्ही वर्षभर खाली मान घालून शिकवलंत. आम्ही दोघी मात्र त्या दगडापासून एकमेकींना सोडायला तयार नव्हतो. एकदा तिनं कळण्याची भाकरी आणि ठेचा खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं तरी पुन्हा मागितला. पुढच्या दिवाळीनंतर तुम्ही पुन्हा तिच्या वडिलांकडे गेलात. ती दाराआडून ऐकत होती, तिनंच मला नंतर तुमची हिंदी करून दाखवली. "मैं दायाँ बोलेगी नहीं, डावा भी बोलेगी नहीं." त्यांनी विचारलं, "फिर क्या बोलेंगी?" तुम्ही उजव्या हातानं घास तोंडाशी नेऊन दाखवलात. जेवायचा हात. खाने का हाथ. साहेब हसले म्हणे, आणि जा म्हणाले.

त्या वर्षी तुम्ही तिच्याच वाटेनं जायचं ठरवलं होतं, तो दगड सगळ्यांना दाखवायला. फाट्यावर तुम्ही हाक दिलीत, "जेवायच्या हाताकडे!" सगळ्या मुलींचे हात एकदम तोंडाशी गेले. कुठली मराठी, कुठली हिंदी, काही कळेना. मी एकटी दोन्ही हातांकडे बघत उभी. माझा कुठला सांगू? घरचा की डब्याचा? तुम्ही मागून आलात, माझ्या कानाशी वाकलात आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणालात, "तुझा जेवायचा हात दुसरा आहे, ठाऊक आहे मला. तू लिहायच्या हाताकडे वळ."

म्हणजे भिंतीकडे तोंड करून खायची ते तुम्ही पाहिलं होतंत. कधीपासून कोण जाणे. आणि त्यावर कधी चकार शब्द काढला नव्हतात. मला त्या क्षणी तुमच्या कुशीत शिरावंसं वाटलं, पण तशी पद्धत नव्हती, म्हणून मी गुमान वळले. त्यानंतर तुमची पट्टी माझ्या बोटांवर कधी आली नाही. गंमत अशी की पुढं मीच उजव्या हातानं लिहीत राहिले, तुम्हाला बरं वाटावं म्हणून, आणि मग तेच अंगवळणी पडलं.

नात आज सकाळी गेली. नाक्यावर सांगून जा म्हटलं, तर "हो गं" म्हणाली. हरवलीस तर बस, हे मात्र मी तिला फरशीवर बसून दाखवलं. गुडघे कुरकुरले. उठवायला तिलाच यावं लागलं, आणि ती हसत सुटली. दुपार होत आली आहे, आता येईलच. हे पत्र पाठवायचं तरी कुठं, म्हणून उशीखाली ठेवून देईन. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, तेवढं चालवून घ्या. इतक्या वर्षांनी आज पहिल्यांदाच डाव्या हातानं लिहिलंय.