फुलाचं दार

सायेच्या आजोबांना ओसाकाच्या इस्पितळातून म्हातारीचा नमस्कार.

मी बरी आहे. सोमवारी छातीचं ऑपरेशन आहे. योशिहारू म्हणतो, "आई, किरकोळ आहे गं." किरकोळ असतं तर सूनबाई एवढी गोड बोलली असती का?

लोणच्याचे मुळे मिठात खारवायला घातलेत ना? वर दगड जड ठेवा, मागच्यासारखा खेळण्यातला नको.

तुम्ही लिहिलंत, सरकत्या दारांना लावलेला, दर वर्षाअखेरीला बदलायचा कागद यंदा बदलणार नाही, कारण फाटल्या जागी मी कातरलेलं कागदी फूल चिकटवलंय. अहो, मी अजून जिवंत आहे! आणि ते फूल वर्षाअखेरीला जाणार, म्हणूनच जीव लावून कातरलं. कायमचं राहणार असतं तर चौकोनी ठिगळ मारलं असतं.

आठवतं का, जुना कागद काढायच्या दिवशी योशिहारू पहाटेच उठून बसायचा? वर्षभर बोट लावलं की फटका, आणि त्या दिवशी हवी तेवढी भोकं पाडायची मुभा. आता टक्कल पडलेला तोच पोरगा माझं पांघरूण सारखं करत बसतो.

सुट्टीत आपल्या नातीला, सायेला, तुमच्याकडे धाडतील. तिला मनसोक्त भोकं पाडू द्या, मग नवा कागद लावा. फुलाचं दार तेवढं माझ्यासाठी ठेवा. नवं वर्ष लागेपर्यंत मी आले नाही, तर त्या फुलात तुम्हीच बोट घालून भोक पाडा आणि तिथेही नवा कागद लावा. रडत मात्र बसू नका. डोळे पुसलेल्या हातांनी कागद सरळ लागत नाही.

वेळेवर जेवा.

तोमे