बांधाखालचं पाणी

॥ श्री ॥
बोरखेडी, जऊळक्याजवळ
ता. १ नोव्हेंबर १९३६

चि. शालिग्राम यास, बाईचे अनेक आशीर्वाद वि. वि.

इथं सारे खुशाल आहेत, म्हणजे तुह्ये भाऊजी सोडून सारे. दसऱ्याले आला, सोनं दिलं, पोट भरून जेवला, इथवर ठीक होतं. मंग त्यायच्यासंगं तलावावर काहून गेला? चार वर्षांपूर्वी नाल्यावर मातीचा बांध घालून त्यायनं तो तलाव केला. पाव्हणा आला की आधी बांध दाखवतात, मंग पाणी विचारतात. आन् तू बांधाखालच्या त्या दोन डबक्यांपाशी उभा राहून साऱ्यायच्या देखत म्हणालास की भाऊजी, तुमचा बांध खालून पाझरून राह्यला! तवापासून ते घुम्यावानी बसले आहेत. काल वरण पातळ झालं तं म्हणाले की तुह्या भावाले बोलाव, तो सांगीन पाणी कुठून आलं ते.

त्यायचं म्हणणं एकच. भर उन्हाळ्यात ती डबकी आटत नाहीत हा बांधाचा गुण आहे, त्याले दोष काहून म्हणावं? बंजाऱ्यायच्या तांड्यावरच्या बाया तिथं अंबाडी भिजवतात, दोर वळून बाजारात नेतात. मले तुहं बोलणं अर्धंच समजलं. मले समजीन असं लिही. तांडा बांधाच्या अगदी खाली आहे, ते काही मनातून जात नाही.

भाऊबीजेले ये. कारंज्याची एक पोरगी पाहून ठेवली आहे. स्वभावानं गरीब आहे, बांधाबद्दल काही विचारणार नाही.

लोभ आहेच, या भांडणानं तो आटू देऊ नको.

तुही बाई,
पंचफुला


॥ श्री ॥
सिंदेवाही, जि. चांदा
ता. ६ नोव्हेंबर १९३६

ती. सौ. बाईस, शालिग्रामचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि वाईटही वाटलं. भाऊजींचा बांध मजबूत आहे. इथं तलावांच्या डागडुजीवर हिंडताना मी शेकडो बांध पाहतो, माती ठोकून इतकी चांगली धुम्मस केलेले थोडेच असतात. आणि मातीचा बांध थोडा पाझरतोच, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

चूक एकच झाली. बांधाची माती बांधाच्या पायथ्याशीच खणली. ती डबकी म्हणजे ते खड्डे. वरची चिकण माती निघून गेली, खालची रेती उघडी पडली, आणि तलावाच्या पाण्याला बांधाखालून वाट मिळाली. पाणी नितळ येत असेल तर भिण्याचं कारण नाही. ते माती घेऊन येत असेल, तर बांध आतून पोकळ होत चालला असं समज. वरून काहीच दिसत नाही. मागच्या पावसाळ्यात इकडे एक तलाव फुटला. आदल्या दिवसापर्यंत लोक त्या बांधावरून बैलगाड्या हाकत होते.

अंबाडी कुजून डबक्यांतलं पाणी कोऱ्या चहासारखं झालं आहे, त्यात नितळ काय नि गढूळ काय! एकदा अंबाडी काढून पाणी निवळू दे, मग बांधाकडचा कोपरा नीट बघ. भाऊजींना माझं नाव सांगू नकोस, निदान जेवणाआधी तरी.

यंदा रजा मिळत नाही. पोरीला म्हणावं, मीच गरीब स्वभावाचा आहे.

ओवाळायला समोर नसलो तरी तुझ्या मायेत कमी पडू नये, एवढं मागतो.

शालिग्राम


॥ श्री ॥
बोरखेडी
ता. १८ नोव्हेंबर १९३६

चि. शालिग्राम यास, आशीर्वाद. तू आला नाही म्हणून भाऊबीजेले चंद्राले ओवाळलं. आता ऐक, घाई आहे.

तांड्याच्या नायकाची, मोहनसिंगची, बायको रुपाबाई. तिले जाऊन म्हणलं की आठ दिवस अंबाडी बाहेर काढा. ती म्हणाली की बांध घातला तवा आमची ढोरं न्यायची वाट बुडाली. तवा तुमच्या पाटलानं बेलभंडारा उचलून सांगितलं होतं की ही डबकी तुमची. शब्द पाटलाचा आहे, वापस घ्यायचा तं त्यानंच यावं.

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, आता भडकतील. पण उठले, पागोटं घातलं आन् निंघाले. मी मागून गेले. तांड्यावर उभं राहून म्हणाले की शब्द वापस घ्यायले आलो नाही रुपाबाई, तुमचीच डबकी आठ दिवस उसनी मागून राह्यलो. रुपाबाईनं तोंडावर पदर घेतला, पण ती हसत होती. साऱ्या बायांनी मिळून अंबाडीच्या पेंढ्या ओढून काढल्या.

पाणी निवळलं. आन् शालिग्राम, बांधाकडच्या कोपऱ्यात भाताच्या आधणावानी खदखदत होतं. खालून पांढरी रेती वर येत होती आन् तिचं वारुळावानी बोंड झालं होतं. हे पाहून ते तिथंच चिखलात बसले. मंग दोन बैलबंड्या काळी माती त्यावर टाकली, माणसं लावून तुडवली. आज सकाळी शेजारीच नवं तोंड फुटलं, पह्यल्याहून मोठं. पाणी गढूळ आहे.

गडी गाडीवर धाडून पत्र टाकते. लवकर लिही. आशीर्वाद तं रोजचेच आहेत, आज मले तुह्या अकलेची गरज आहे.

पंचफुला


॥ श्री ॥
सिंदेवाही
ता. २० नोव्हेंबर १९३६

ती. भाऊजींस, शालिग्रामचा शि. सा. न. वि. वि.

मोरी उघडून तलावाचं पाणी सोडा आणि तांडा वर हलवा, अशी तार सकाळी केली आहे. बाकीचं पत्रात लिहितो.

झऱ्याचं तोंड बुजवू नका. पाणी कोंडलं की ते दुसरीकडून फोडून निघतं, ते तुम्ही पाहिलंच. पाणी येऊ द्या, माती थांबवा. कोपऱ्यात आधी नदीची जाड रेती पसरा, तिच्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. पाणी गाळून बाहेर येईल, माती आत राहील. दोन्ही डबकी अशीच भरून टाका.

तलाव अर्ध्यावर उतरेपर्यंत मोरी बंद करू नका. तुमची संत्र्याची कलमं त्या पाण्यावर आहेत, हे मी जाणतो.  बांध चांगला आहे म्हणूनच तो वाचवावा असं वाटतं.

दसऱ्याला चारचौघांत बोललो, ते एकांतात बोलायला हवं होतं. लहान समजून पदरात घ्यावं.

आपला,
शालिग्राम


॥ श्री ॥
बोरखेडी
ता. ९ डिसेंबर १९३६

चि. शालिग्राम यास, आशीर्वाद. आधी हे वाच की सारे सुखरूप आहेत. मंग पाणी पी आन् पुढचं वाच.

तार वाचल्याबरोबर त्यायनं मोरी उघडली. पाणी सुटलं तवा बगिच्याकडं पाठ करून उभे होते. तांडा आमच्या खळ्यावर आला. जमनाबाई नावाची एक म्हातारी हटून बसली होती की बकरीच्या आधी मी हलणार नाही. शेवटी आमच्या यायनं बकरी खांद्यावर घेतली, तवा ती मागं निंघाली. पाटील पुढं, खांद्यावर बकरी ओरडून राह्यली. सारं गाव हसलं आन् भेव थोडं कमी झालं.

मोहनसिंगनं तांड्यावरचे गडी जमवले, गावानं बैलबंड्या दिल्या. रेती, खडी, दगड, तू लिहिलं तसंच. दोन दिवस पाणी गढूळच आलं. हे जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी दगडांतून नितळ धार आली.  रुपाबाईनं खाली वाकून त्या पाण्यानं तोंड धुतलं, तवा साऱ्यायले समजलं.

अर्धी कलमं जातीन असं दिसते. पण सोडलेलं पाणी तांड्याच्या वावरात मुरलं, त्या ओलीवर मोहनसिंगनं हरभरा पेरला. अंबाडीसाठी नवी डबकी यायनं दूर, नाल्याच्या पल्याड खणून दिली. शब्द होता ना!

तुह्यावर माया होतीच, आता घरात दोघायची झाली.

पंचफुला


॥ श्री ॥
बोरखेडी
ता. २६ ऑक्टोबर १९३७

चि. शालिग्राम यास, जगदेवचे आशीर्वाद. मले लिहायची सवय नाही, तुही बाई म्हणते आज तुमीच लिहा.

पावसाळा लय झाला. श्रावणात सांडव्यावरून हातभर पानी चाललं. मी रोज बांधाखाली जाऊन पाह्यत होतो. धार वाढली, पन नितळ. बाई म्हणते, आता तुमी पाव्हण्याले बांध वरून दाखवत नाही, खालून दाखवता.

खरी गोष्ट येगळीच हाये. मोहनसिंग आन् तांडा मिळून वरच्या नाल्यावर लहानसा बांध घालून राह्यले. मले पाह्यले बोलावलं. मी गेलो तं माती पायथ्याशीच खनून राह्यले होते. म्हणलं, मोहनसिंग, माती दुरून आन. तो म्हणे, पाटील, तुमी तं जवळूनच आनली होती. मी म्हणलं, म्हणूनच सांगून राह्यलो. त्याले राग आला. साऱ्यायच्या देखत कामात खोट काढली म्हणे, आन् दोन दिवस मह्याशी बोलला नाही.

मले लय बरं वाटलं. आपल्याले कसं वाटलं होतं ते आठवलं, आन् तुले कसं वाटलं असन तेबी समजलं.

आज सकायी पाह्यलं, बैलबंड्या दुरून माती आनून राह्यल्या.

दिवाळीले ये. मोहनसिंगनं इचारलं हाये, तुमचा तो साळा कधी येते म्हणून.

मोठ्यायनं लोभ मागू नाही म्हणतात. मी मागून राह्यलो.

तुहा भाऊजी,
जगदेव