बाजाराच्या दिवशीचा पगार

माय, आज ऑफिसात भर दुपारी तुझी आठवण आली आणि मी एकटीच हसले. शेजारच्या टेबलावरून लगेच विचारणा झाली, "काय मॅडम, लॉटरी लागली का?" लॉटरी कसली! जळगावच्या चटईच्या कारखान्यात सगळ्यांचे पगार काढते तुझी लेक. महिना संपला की सात तारखेच्या आत पगार झाला पाहिजे, असा कायदाच आहे. तुला कुठला कायदा ठाऊक! पण धुळ्याच्या कापसाच्या जिनिंगमध्ये तू जे केलंस ना, त्यापुढे कायदा काय चीज आहे?

तू तो किस्सा ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापता थापता सांगायचीस. केसांत कापूस तसाच, हाताला पीठ, आणि मधूनच शेठचं तोंड करून दाखवायचीस. आठवड्याच्या मजुरीचा हप्ता बाजाराच्या दिवशी मिळायचा, पण शेठ गादीवर यायचे संध्याकाळी. दिवे लागले की म्हणायचे, "तिन्हीसांजेला लक्ष्मी बाहेर काढत नाही, उद्या या." उद्या कुठला बाजार? मग आठवडाभर कोपऱ्यावरच्या दुकानातून उधारीवर, चढ्या भावानं घ्यायचं. मजुरी तेवढीच, पण एका दिवसाच्या उशिरानं तिच्यातला घास कमी व्हायचा. एका बाजाराला मात्र तू दुपारीच शेठच्या घरी गेलीस आणि रिकामी पिशवी त्यांच्या पुढ्यात ठेवलीस. "शेठ, पैसा उद्या देशात ना? मंग आजना बाजार तुम्हीच लई या. वांगा देखीसन ल्या, भरीतना शेतस." म्हणजे पैसे उद्या देणार असाल तर आजचा बाजार शेठनंच आणायचा, तोही भरताची वांगी पारखून! तुझ्यामागून एकेक बाई आली. कुणाला मिरच्या, कुणाला लसूण, कुणाला लेकरासाठी शेव. पिशव्यांचा ढीग झाला. शेठ आधी लालबुंद झाले, "हे काय नाटक आहे?" म्हणाले. आतून शेठाणी आल्या, ढीग बघून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या आणि म्हणाल्या, "जा आता, भाव नीट करा हो!" मग शेठ काय करतात? मुकाट उठून तिजोरी उघडली. त्यानंतर हप्ता बाजाराच्या आदल्या दिवशी मिळायला लागला. हे सांगताना तू इतकी हसायचीस की एखादी भाकरी हमखास करपायची, आणि ती माझ्याच ताटात यायची.

तर झालं असं, की या महिन्यात आमचे मालक म्हणाले, "पार्टीचं पेमेंट अडकलंय. पगार आठ-दहा दिवसांनी करू, काय फरक पडतो?" मी सात तारखेचं बोलले. "कायदा मलाही कळतो," म्हणाले. माणूस वाईट नाही गं, पण पैसा अडकला की चांगल्या माणसालाही दुसऱ्याचं घर दिसत नाही. इथे बायका चटईच्या कडांना गाठी मारायच्या कामाला येतात, कुणाची शाळेची फी, कुणाचं भाडं. मी म्हणाले, "सर, पार्टीला उधारी तुम्ही दिलीत. कामगारांनी कुठे दिली होती?" बोलून गेले आणि वाटलं, संपलं, उद्यापासून घरी.  पण त्यांनी बँकेत फोन लावला आणि पगारापुरती उचल मागितली.

आज सात तारीख. दुपारी खात्यात पैसे पडले आणि मशीनच्या आवाजातही एकामागून एक मोबाइल वाजायला लागले. एकीनं तर तिथेच घरी फोन लावला, "आज मटण आणा!" मी हसले ती तेव्हा.

आता राहिलेलं सांगते. फोन ठेवल्यावर मालक मला म्हणाले होते, "मॅडम, तुमचा तेवढा वीस तारखेला चालेल ना? आपण काय, घरचेच." आणि मी मान डोलावली. घरचेच म्हणे! तू असतीस तर पहिलीच गाडी पकडून जळगावला आली असतीस, तू गेल्यावर आता हे पत्र पाठवायला पत्ताच उरला नाही, एका अर्थी बरंच. साऱ्या कारखान्यासाठी भांडले, माय. माझाच पगार मागायची मात्र मला लाज वाटली.