मारोतमामांची डॉबी कागदावर

८ जानेवारी १९७८, रविवार
आज दोनच घरी डॉबी बसवून झाली. मारोतमामांनी घडवलेली लाकडी डॉबी मागावर बसवली, की पाय दाबताच काठाचे धागे आपोआप उचलले जातात. शेजारी बसून धागे ओढायला दुसरं माणूस लागत नाही. मामा कुणालाही फुकट बसवून देतात — लाकूड तुमचं, मेहनत आमची. आम्ही तिघंच. मामा, कवडू सुतार आणि मी, कोराडीच्या वीज केंद्रात नकाशे काढणारा. सुट्टी एकच. थांबलेली घरं चौदा!

१५ जानेवारी
उमरेडच्या विणकरांचं तिसरं कार्ड. ‘येणं जमत नसेल तर कृती लिहून पाठवा.’ मी म्हटलं, लिहूनच काढतो, नकाशांसकट. मामा रंधा मारत होते.
"लिहीत बसशीन तं बसवशीन कवा, मधुकर? हात किती हायेत गा आपल्यापाशी?"
सहा.

२२ जानेवारी
चार रविवार लिहिण्यासाठी काढले. कवडू रागावला. जाताना एवढंच — "मैनाबाईले काय सांगू?"
त्यांची मुलगी लग्न होऊन गेली, धागे ओढायला कोणी नाही. माग बंद. यादीत पुढचं नाव त्यांचंच.
थोडं थांबा म्हणावं, मी म्हटलं.

५ फेब्रुवारी
मामांना वाचून दाखवलं. ‘दोरी वीतभर ठेवावी.’ "बरोबर." मग त्यांनाच बांधायला लावली आणि मोजली — वीत नाहीच! चार बोटं कमी. ज्यांना तोंडी सांगितलं, त्यांच्या डॉब्या म्हणून अडकायच्या.
मामांनी आपली वीत दोरीला लावून पाहिली. "अन् मी सगळ्यायले वीतच सांगून राहिलो."

१२ फेब्रुवारी
एकच नकाशा. तीनदा खोडला.

१९ फेब्रुवारी
काल कृतीची वही उमरेडला पोस्टानं पाठवली. आज हत्यारांची पिशवी घेऊन थेट मैनाबाईंकडे. माग नव्हता. पाय सोडायचा खड्डाही माती भरून लिंपलेला.
"लकडगंजात इकला," त्या म्हणाल्या. "किती दिवस वाट पाहू, भाऊ?" आता इतवारीत धान्य निवडायला जातात. रागावल्या नाहीत. चहा दिला.

५ मार्च
मैनाबाईंनी माग विकल्याचं कवडूला सांगितलं. "मले माहीत होतं," म्हणाला. मग कामाला लागलो. तीन घरं झाली. उमरेडहून काही नाही.

२३ एप्रिल
सकाळी दारात एक बाई. उमरेडची गोपिका, विणकर. मागे नवरा, त्याच्या डोक्यावर डॉबी! वहीवरून सात घरी बसवली म्हणे, आम्हाला न विचारता.
"पण तुमची जड चालते, मामाजी. पाय भरून येतात. म्हणून मी मधली पट्टी काढूनच टाकली."
कवडूनं मामांकडे पाहिलं. मामांच्या कामात कुणी हात घातला नव्हता आजवर.
मामांनी चष्मा पुसला. तिच्यापुढे जमिनीवर मांडी घातली.
"दाखव वं."