उंबऱ्यावरचा एक शब्द

कसबा पेठ, पुणे
१२ फेब्रुवारी १९९९

ती. सौ. मैनाताईस, श्रीनिवासचा सा. न. वि. वि.

तुझ्या लेकाच्या, तेजसच्या कंपनीमुळे तुला बंगळूर पाहायला मिळालं, बरं झालं. इथे मात्र तू माझा सिनेमा बुडवून गेलीस. काल संकलनाला बसलो. शेवटचा प्रसंग : गोदाबाई, म्हणजे तू, घर बिल्डरला विकून कायमची निघते, उंबऱ्यावरून शेजारणीला म्हणते, ‘जाते.’ तू म्हणालीस ‘येते’! अख्ख्या प्रसंगात एकच शब्द होता गं.

मी त्या वेळी कॅमेऱ्यातून तुझ्या पदराची चुणी बघत होतो. वीस वर्षं प्रोजेक्टर चालवून मी सिनेमा शिकलो, कुठल्या संस्थेत नाही. नट नकोत, डबिंग नको, जागेवरचा आवाज तोच खरा, हे माझे नियम तुला पाठ आहेत. आता ते घरही पाडलं, पुन्हा चित्रण होणे नाही. दुसऱ्या बाईचा आवाज चिकटवला तर एवढी वर्षं धरलेला नियम मोडतो, नाही चिकटवला तर शेवट मोडतो.

तुझा,
श्रीनिवास

बंगळूर
१९ फेब्रुवारी १९९९

चि. श्रीनिवास यास अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. चुकले बाबा. पण घराबाहेर पडताना कुठली बाई ‘जाते’ म्हणते रे? आई शेवटची दवाखान्यात निघाली, तेव्हाही ‘येते’च म्हणाली होती. चित्रणाला तुम्ही सहाजण होतात, एकालाही खटकलं नाही? चुणी बरी दिसते तुला! लाव कुणाचा आवाज लावायचा तो. वेळेवर जेवत जा.

तुझी,
मैनाताई

कसबा पेठ, पुणे
२ मार्च १९९९

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

तो प्रसंग पुन्हा चौदा वेळा पाहिला. शेजारीण झालेल्या आपल्या जुबेदाभाभींना मी एकही शब्द दिला नव्हता. तरी तुझ्या ‘येते’वर त्या हळूच ‘या हं’ म्हणाल्यात. घर विकलेल्या बाईला ‘या’! मग कडी लावताना त्यांचा हात मध्येच थांबतो. मला असं लिहिता आलं नसतं. त्यांना बोलावून दाखवलं, तर म्हणाल्या, ही ‘जाते’ म्हणाली असती तर हात धरून आत ओढलं असतं, तुमचा सिनेमा गेला चुलीत.

दुसरा आवाज रद्द. काल दुपारी पोटभर जेवलो आणि चक्क झोपलो. चूक माझी होती, हे लिहून देतो. चारचौघांत वाचून दाखवू नकोस. नामावलीत ‘संवाद’खाली माझ्या नावाशेजारी तुझं नाव घालतोय. आडनाव माहेरचं घालू की सासरचं? पुढच्या शनिवारी अक्षरं रंगवायला जातील, तेव्हा फोनच कर.

माया आहेच, ती उणी होऊ देऊ नकोस.

तुझा,
श्रीनिवास