वर कोण गेलं होतं

१४ सप्टेंबर

सकाळी सरावासाठी तलावाच्या पाळीवर चाललो, पाठीवर सॅक. माझ्या सॅकमध्ये वजनाला तांदूळ. दि.च्या सॅकमधून उशी निघाली. मी विचारायच्या आधी तोच म्हणाला, "आज कंबर दुखून राहिली."

दि. म्हणजे दिलीप. चारचौघांत 'अहो', 'हे'. इथं वहीत नावानं आणि एकेरी. कोण बघतं.

पहाडाची हौस त्याची. कोहमारा गावातल्या त्याच्या दुकानात स्पेअर पार्टच्या रॅकवर बर्फाच्या पहाडाचा फोटो लग्नाच्या आधीपासून लावून आहे. मनालीच्या वरचं शिखर, रोज थोडं चढायचं, तंबूत झोपायचं. बुकिंग करताना मी म्हटलं, मीपण येते. वनरक्षक झाले तेव्हापासून जंगल तुडवून राहिले, पहाड का नाही?

तेव्हापासून ऐकून राहिले. दुकानाशेजारच्या ढाब्याचे मुन्नाशेठ: "भाभी, ऊपर दिलीपभाई का ध्यान रखना. चाय-वाय गरम मिलनी चाहिए उनको."

मी काय थर्मास आहे?

१८ सप्टेंबर

गोंदियाला जाऊन दोघांची तपासणी. बी.पी. माझं चांगलं, दि.चं जरा वर. तरी डॉक्टर कोणाकडं बघून बोलले? दि.कडं. "मिसेस कर पाएँगी क्या?" मी समोर बसलेली. भिंतीला कान असतील, मला नसतील.

दि. हसला. डॉक्टरपेक्षा त्याच्या हसण्याचा राग आला.

घरी सासूबाई. "घट बसन्याच्या दिवसात घरची बाई बाहेर जाते का वो?"
म्हटलं, तुमचा लेकही चालला ना.
"त्याचं काय. तो मानूस आहे."

२२ सप्टेंबर, गाडीत

गोंदिया सुटलं. दि. खिडकीशी बसून गाणी म्हणून राहिला. असा खूश असला की लग्नाच्या वेळचा दिसतो. मी पण खूश आहे. लिहून ठेवते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ही बाई कायम चिडकीच. वाचणारी मीच, पण तरी.

२५ सप्टेंबर, बकरथाच

धुंडीचा पूल ओलांडून इथवर चढलो. मेंढ्यांचं कुरण, मधून नदी, पाणी इतकं गार की हात बधिर. तंबू इतका लहान की कूस बदलायची तर दोघांनी मिळून बदलायची.

लीडर ऋषी, पुण्याचा, गोड बोलतो. गाइड प्रेमभैया, इथलेच, कमी बोलतात. गोल बसवून सगळ्यांना ओळख करून द्यायला लावली. दि. म्हणाला, "मी दिलीप, गोंदिया जिल्हा. आणि ही माझी मिसेस." पाळी पुढं गेली. झाली माझी ओळख.

दि. प्रत्येक वळणावर व्हिडिओ काढतो. चालण्यात मी पुढं होते. दोनदा हाक मारली त्यानं, "थांब ना वो, लोक काय म्हणतीन?" म्हणजे दम लागला म्हणून नाही, लोकांसाठी थांबायचं.

२६ सप्टेंबर

या कॅम्पचं नाव लेडी लेग. पहाडाचा आकार बाईच्या पायासारखा दिसतो म्हणे. कोणत्या रिकामटेकड्यानं बघितला आणि नाव ठेवलं. मला तर दगड दिसतात.

दि.चं डोकं दुखून राहिलं. विचारलं तर "ऊन लागलं." ऊन! दातावर दात आपटायची थंडी. जेवला नाही, उलटी झाली. प्रेमभैयांनी बोटाला ते ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं, आकडा बघून मान हलवली. "सर, पानी पीजिए. लेटना मत, बैठे रहिए." दि. म्हणाला, मैं बिलकुल ठीक हूँ. आणि पुन्हा उलटी.

पाठ चोळत बसले. मनापासून चोळली, हेही लिहून ठेवते.

२७ सप्टेंबर

आज जे झालं ते जसंच्या तसं लिहायचं.

सकाळी दि. चालताना तिरपा जायला लागला. ऋषीनं सांगितलं, यांना लगेच खाली न्यायचं, थांबायचं नाही. बरोबर सांगितलं. प्रेमभैया आणि एक पोर्टर सोबत देतो, बकरथाचला पोचले की बरं वाटेल, उद्या मनालीत डॉक्टरला दाखवतील. हेही बरोबर. मग माझ्याकडं वळून, "वहिनी, तुमची सॅक भरून घ्या."

"माझी कायले?"

"तुम्ही पण जाल ना सोबत."

"मला काय झालं?"

"नाही, तुम्हाला काहीच नाही, तुम्ही एकदम फिट आहात. पण..."

"पण काय?"

त्याचं 'पण' दुसरीनं पुरं केलं. ग्रुपमध्ये एक इंदूरच्या बाई आहेत, त्या बोलल्या. "मैं तो अपने हसबंड को ऐसे छोड़के नहीं जा पाती." त्यांचे हसबंड इंदूरला घरी आहेत. सोडूनच आल्या ना?

भैयांना बाजूला घेऊन विचारलं. माझ्या असण्यानं यांच्या तब्येतीत काही फरक पडेल? भैया म्हणाले, "दवाई तो नीचे उतरना ही है दीदी. हम दो आदमी हैं. आप आओ, न आओ, ये ठीक हो जाएँगे." मी सोबत गेल्यानं जीव वाचत असता तर मी त्याला पाठीवर घेऊन उतरले असते. देवाशपथ.

मग दि.जवळ गेले. डोळे मिटून होता, जागा होता. म्हटलं, भैयासोबत जाल का? मी वर जाऊन येते.

त्यानं कूस बदलली. मग तंबूच्या कापडाकडं तोंड करून, "तुले जायचं आहे तर जा."

हे जा म्हणणं नाही. नको म्हणणंही नाही. माझ्या गळ्यात टाकून मोकळा झाला. उलटं झालं असतं, मी आजारी पडले असते, तर तो नक्की वर गेला असता. मीच म्हटलं असतं, जा, तुमचा पहाड आहे. आणि गाव म्हणालं असतं, बघा, बायकोनं पाय ओढला नाही.

त्याचे बूट बांधून दिले. गरम पाण्याची बाटली दिली. दगडांच्या उतारावरून तिघं दिसेनासे होईपर्यंत उभी राहिले.

मग दिवसभर दोर बांधणं, बर्फाची कुऱ्हाड धरणं शिकले. बुटाला लोखंडी दात लावून चालायचं. कुऱ्हाड ऋषीनं सांगितली त्यापेक्षा जोरात मारत होते.

२८ सप्टेंबर

वरचा कॅम्प. सगळीकडं बर्फ. भैयांनी परत येऊन आम्हाला गाठलं. दि.नं खालच्या कॅम्पवर पोटभर खिचडी खाल्ली, आज पोर्टरनं मनालीत नेलं, डॉक्टरनं बघून ठीक सांगितलं, फोनवर कळलं म्हणे. बाजूला जाऊन रडले. मग तोंड पुसलं, कारण इंदूरच्या बाई बघून राहिल्या होत्या.

२९ सप्टेंबर

झालं. पोचले.

हात सुजलेत, थोडंच लिहिते. अंधारात निघालो, उजाडलं तेव्हा मोठ्या चढावर होतो. इंदूरच्या बाई तिथून परत गेल्या, मला वाईट वाटलं, खरंच. शेवटी तर चार पावलं टाकायची आणि उभं राहायचं. राग कामाला आला. डॉक्टर, मुन्नाशेठ, तंबूचं कापड, एकेकाला आठवत पाय टाकला.

वर ऋषी हात मिळवत म्हणाला, "वा वहिनी! दिलीपभाऊंना किती अभिमान वाटेल!"
धाप लागलेली, तरी म्हटलं, "माझं नाव सुषमा आहे."
"सॉरी... सुषमा मॅम."
तिथं उभं राहून नाव सांगावं लागलं.

३० सप्टेंबर, मनाली

दि. हॉटेलात. आंघोळ करून, दाढी करून, पराठा खाऊन राहिला. मला बघून उठला. वाटलं जवळ घेईल. म्हणाला, "आलीस? आईले फोन कर, काळजी करून राहिली."

३ ऑक्टोबर

घरी. गाडीत दि. झोपला किंवा झोपल्यासारखा. निधीशी फोनवर खूप बोलले. पोरगी नागपूरच्या होस्टेलमधून ओरडत होती, "आई, सांग ना, सांग ना!" तिला सांगितलं, वर तर श्वासच पुरत नाही गं, हवा असते पण छातीत येत नाही. दि. वरच्या बर्थवर.

सासूबाईंनी त्याच्यावरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. माझ्यावरून नाही. मला विचारलं, "आजारी मानसाले टाकून काऊन गेली वो?" दि. तिथंच होता. चहा पिऊन राहिला होता. एक शब्द बोलला असता, मीच जा म्हटलं, तरी चाललं असतं. अर्धं खोटं असतं, पण मी धरून घेतलं असतं.

९ ऑक्टोबर

जंगलातल्या माझ्या बीटवरून येताना कोहमाऱ्याच्या चौकात बॅनर. गाडी थांबवली, दोनदा वाचलं.

'आपले लाडके दिलीपभाऊ व सौ. वहिनी यांनी हिमालयातील शिखर सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

दि.चा चेहरा टायरएवढा. मी त्याच्या खांद्यामागं, धुंडीच्या पुलावरचा फोटो कापून चिकटवलेली. मागं कुठल्यातरी परदेशातला टोकदार पहाड. आणि नाव? सौ. वहिनी. वहिनी हे नाव आहे का? कोणाची वहिनी? खाली शुभेच्छुकांची मात्र पूर्ण नावं, मुन्नाशेठ सगळ्यांत मोठे.

दुकानात गेले. गिऱ्हाईक होतं. दि. त्याला सांगून राहिला, "वर तर श्वासच पुरत नाही भाऊ. हवा असते, पन छातीत येत नाही."

माझं वाक्य. मी निधीला सांगितलेलं. वरच्या बर्थवर पडून ऐकलं आणि इकडं विकून राहिला!

गिऱ्हाईक गेल्यावर विचारलं, हे काय आहे?
"बॅनर मी नाही लावलो. मुन्नानं लावलं."
"त्याला खरं काऊन नाही सांगितलं?"
"मी कोनाले काही नाही म्हटलं."
"हो. तेच तर म्हणते मी."

पाना उचलून आतल्या खोलीत गेला.

१३ ऑक्टोबर

मुन्नाशेठ घरी येऊन गेले. सौंदडच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, स्टेजवर, आमच्या दोघांचा सत्कार. दि.ला म्हटलं, तुम्ही नाही म्हणा. तो म्हणाला, लोक प्रेमानं करून राहिले, त्यांचं मन कायले मोडायचं. म्हटलं, माझं मोडलं तर चालते?

"तुले काय कमी पडलं? शिखर तर पाहून आली तू."

हे म्हणताना त्याचा आवाज फुटला. बॅनरच्या दिवशी दुकानातून निघताना बघितलं होतं, रॅकवरचा फोटो काढून टाकलाय. ज्या पहाडाकडं इतकी वर्षं बघून राहिला तो त्याला भेटला नाही, मला भेटला. समजतं मला. समजतं म्हणून राग कमी होत नाही. दोन्ही एकाच वेळी आहेत.

२५ ऑक्टोबर

मंडई. भर दुपारी. दुकानं, पाळणे, दंडार नाचून राहिलेली, अख्खी पंचक्रोशी. रात्रीच्या नाटकाचा पडदा लागलेला, त्याच्यासमोर आम्ही खुर्च्यांवर. दि.ला शाल आणि फेटा. मला साडी, "भाभी के लिए". मग माईक दि.कडं. तो उठला, "सगळ्यांचे आभार" म्हणाला, बसला. खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही.

मुन्नाशेठ माईक घेऊन पुढच्या पाहुण्यांकडं निघाले. मी म्हटलं, मला बोलायचंय. हसले. "भाभी भी बोलेंगी!" लोक हसले.

ठरवून काही गेले नव्हते. म्हटलं, "माझं नाव सुषमा. मी वनरक्षक आहे. शिखरावर मी गेले होते. यांची तब्येत बिघडली म्हणून यांना खाली उतरावं लागलं, तिथं कोणाचीही बिघडते, त्यात कमीपणा नाही. पण वर मी गेले होते."

एवढंच.

कोणी टाळी वाजवली नाही. मग बायकांच्या बाजूनं एक वाजली, दोन वाजल्या, मुन्नाशेठनं घाईघाईनं दंडारवाल्यांना सुरू व्हायला सांगितलं. दि. फेट्यासकट स्टेजवरून उतरला, मोटरसायकल काढली, गेला. मी काळीपिवळी जीपमध्ये बसून घरी आले.

२६ ऑक्टोबर

सासूबाई: "चार लोकांत त्याले मान खाली घालाले लावलीस. घरात बोलता नव्हतं येत?"
घरात बोलले होते. दुकानातही बोलले होते. घरात बोललेलं बॅनरपर्यंत पोचत नाही.

दि. बोलत नाही. ताट वाढलं की जेवतो, हात धुतो, जातो. बॅनर रात्रीतून गायब. कोणी काढलं माहीत नाही. मला हवं होतं ते काढणं नव्हतं, दुरुस्त करणं होतं. हे कोणाला सांगू?

३१ ऑक्टोबर

रेंज ऑफिसात एक साहेब म्हणाले, मॅडम, नवऱ्याची इज्जत ठेवायला पाहिजे होती. त्यांना विचारलं, तुम्ही पकडलेला लाकूडचोर मी माझ्या नावावर लिहिला तर चालेल का? म्हणाले, ते वेगळं. काऊन वेगळं, ते सांगितलं नाही.

निधीचा फोन. "आई, तू बरोबर केलंस. पण बाबा रडला का गं?" मला माहीत नाही. मी बघितलं नाही. बघायला पाहिजे होतं का? तिथं थोडी अडकले आज.

२ नोव्हेंबर

संध्याकाळी भात लावला होता. दि. दुकानातून लवकर आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा. इतक्या दिवसांनी पहिलं बोलणं.

"वरून काय दिसते?"

टोमणा वाटला. म्हटलं, "काऊन? गिऱ्हाइकाले सांगायले?"

"नाही. मले."

खाली बघून बोलला. डोळ्यांखाली काळं झालंय त्याच्या.

भात लागायला आला, गॅस बंद केला.  जीभ वळली नाही माझी, राग तिथंच बसून आहे. तो ओसरीत जाऊन बसलाय, दुकानाचे कपडेही बदलले नाहीत. मी इथं लिहून राहिले. ओसरीतली खुर्ची करकरते तेव्हा कळतं, अजून आहे.