जुन्या इमारतीची भिंत कोणत्याच यादीत नाही

प्रति,
मा. कार्यक्रम प्रमुख,
एकत्रित बांधकाम कार्यक्रम कार्यालय, तिसरा मजला.

विषय: खोदकाम रुग्णालयाच्या जुन्या इमारतीपाशी पोचण्यापूर्वी तिच्या भिंतीला आधार देण्याबाबत.

संदर्भ: माझ्या वडिलांचा कामबदल प्रस्ताव क्र. ४१ व त्यावरील आपल्या कार्यालयाचे उत्तर.

महोदय,

रुग्णालयाची नवी इमारत आणि शेजारचे भूमिगत वाहनतळ ही दोन वेगळी कामे गेल्या महिन्यात एका कार्यक्रमात घेण्यात आली. माझे वडील त्यांवर पर्यवेक्षक होते.

१. 'जुन्या भिंतीला तात्पुरता आधार' ही बाब दोन्ही कामांच्या याद्यांत होती. याद्या एकत्र करताना दुबार बाबी वगळायच्या होत्या. इमारतीच्या अभियंत्यांनी 'वाहनतळाकडे आहे' असा शेरा मारून ती खोडली. त्याच दिवशी वाहनतळाच्या अभियंत्यांनी 'इमारतीकडे आहे' म्हणून खोडली. आपापल्या कागदापुरते दोघेही बरोबर आहेत. एकत्रित यादीत आधार कुठेच नाही.

२. वडिलांच्या हे लक्षात आले. बाब यादीत पुन्हा घालावी असा प्रस्ताव त्यांनी दिला आणि चौथ्या दिवशी ते हृदयविकाराने गेले. 'प्रस्तावक हयात नसल्याने प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे' असे उत्तर घरी आले. मी चौकशीला आले तेव्हा आपले लिपिक कळवळून म्हणाले, "ताई, साहेब आम्हाला घरच्यासारखे होते. पण उद्या शंका निघाली तर खुलासा कोणाकडे मागायचा?" नवे पर्यवेक्षक येईपर्यंत नवा प्रस्ताव देता येत नाही, आणि याद्या एकत्र केल्यापासून कामातले सर्व बदल, नेमणुकाही, काही मुदतीसाठी गोठवल्याने ती संपेपर्यंत नवे पर्यवेक्षक नेमता येत नाहीत. खोदकाम मात्र गोठवलेले नाही.

३. त्या भिंतीला लागून सहाव्या खाटेवर माझी आई आहे. मांडीचे हाड मोडल्याने पायाला वजन बांधले आहे. डॉक्टर आठ दिवस हलवू देत नाहीत. यंत्र सुरू झाले की तिच्या पेल्यातले पाणी थरथरते. काल मी परिचारिकेची विनवणी करत होते, तर आई म्हणाली, "बाबांवर गेलीस गं. घाबरलीस की अर्जासारखं बोलतेस." मी हसले, पण तिने माझा हात धरू नये म्हणून तो पदराखाली घेतला.

४. भिंतीत चीर आहे. वडिलांनी तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवली होती. चीर रुंदावली तर काच तुटते, अशी त्यांच्या कामातली रीत. आज सकाळी दहा वाजता ती तुटली. खड्डा काल भिंतीपासून चौदा पावलांवर होता, आज नऊवर आहे.

तरी प्रस्ताव क्र. ४१ वर प्रस्तावक म्हणून माझे नाव लावावे, ही विनंती. मी अभियंता नाही, शाळेत भाषा शिकवते; परंतु वडिलांचे प्रत्येक पान वाचले आहे, मागाल तो खुलासा देईन. हे नियमात बसत नसल्यास, नियम पाहून होईपर्यंत यंत्र थांबवण्याचा तोंडी आदेश तरी द्यावा.

उत्तर टपालाने पाठवू नये. मी आपल्या दाराबाहेरच्या बाकावर बसले आहे. यंत्राचा आवाज इथवर येतो. आदेश दिलात की मला कळेल.

आपल्या निर्णयाची वाट पाहणारी,
(सही)
दिवंगत पर्यवेक्षकांची मुलगी

मंगळवार, दुपारी बारा वाजून दहा मिनिटे

सोबत: दोन्ही याद्यांतील खोडलेली पाने.